बेट सोडायच्या वयाचा वाघ

ताडोबाच्या कोलारा गेटमधून आत शिरल्यावर पहिला अर्धा तास नुसता बांबू. एका वळणावर जिप्सी थांबली आणि पुढे बसलेले गाइड हळूच म्हणाले, ‘‘डाव्या हाताच्या बेटात बघा जी.’’ मागच्या बाजूला केव्हापासून सांबर ओरडत होतं. चितळ पुष्कळदा उगाच घाबरतं, सांबर सहसा नाही. त्यामुळे गाइड मंडळी त्याच्या ‘कॉल’वर जास्त भरवसा ठेवतात. बांबूच्या त्या बेटातून वाघ निघाला, पाणवठ्याशी आला, वळला आणि पाठमोरा पाण्यात उतरला. आधी शेपटी, मग पुठ्ठे, मग पोट. डोकं कोरडंच. मे महिना, उन्हाने सकाळीच डोकं वर काढलेलं. आमच्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि मग जणू आम्ही नाहीच, अशा थाटात डोळे मिटले.

‘‘पोरगाच आहे अजून,’’ गाइड म्हणाले. ‘‘दोन वर्षांचा. आता माय ठेवत नाही.’’

मग जाणार कुठे? चिमूरहून ताडोबाला आलेला पर्यटक हा प्रश्न विचारत नाही. फोटो मिळाला की त्याचं काम झालं. माझ्या डोक्यात मात्र तो प्रश्न दिवसभर राहिला, आणि त्याला निमित्त झालं ते ‘बेट’ या शब्दाचं. बांबूचं बेट आणि समुद्रातलं बेट, मराठीत दोन्हीला शब्द एकच. ताडोबा दुसऱ्या अर्थानेही बेटच आहे. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं, १९९५ साली अंधारी अभयारण्याला जोडून व्याघ्र प्रकल्प झालेलं हे जंगल. गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटर, बफर धरला तर सतराशेच्या वर. भोवती समुद्र आहे तो धान, सोयाबीन, कापूस आणि तुरीचा, कोळशाच्या खाणींचा, रस्त्यांचा.

रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६७ साली बेटांचा हिशेब मांडला. बेट जितकं लहान तितक्या जाती लवकर नामशेष होतात. जितकं दूर तितके नवे पाहुणे कमी पोचतात. या आवकजावकीचा तोल जिथे बसेल, तितक्या जाती त्या बेटावर टिकतात. विल्सन यांनी डॅनियल सिम्बरलॉफ या विद्यार्थ्याला हाताशी धरून फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर कांदळवनाच्या चिमुकल्या बेटांना चक्क तंबू ठोकले, धुरी देऊन आतले सगळे किडे मारले आणि मग कोण कोण परत येतं ते मोजलं. वर्षभरात बहुतेक बेटांवर जातींची संख्या जवळपास पूर्वीइतकी झाली. जाती मात्र सगळ्या त्याच नव्हत्या.

किडे वाऱ्यावर येतात. वाघाला चालत यावं लागतं.

परतीच्या वाटेवर अस्वल दिसलं. वाघाइतकी गर्दी त्याच्या नशिबी नसते, म्हणून आम्हाला वीस मिनिटं निवांत मिळाली. वारुळाला त्याने पुढच्या नखांनी खिंडार पाडलं, तोंड आत खुपसलं, आधी फूं करून माती उडवली आणि मग सुरू झाला तो ओढल्याचा आवाज, जुनी मोटार सुरू होता होता गुरगुरावी तसा. अस्वलाला वरच्या जबड्यात मधले दोन दात नसतात. ओठांचा चंबू करून त्या फटीतून ते वाळवी अक्षरशः शोषून घेतं. वाळवीला एक वारूळ म्हणजे अख्खा देश. अस्वलाला वारुळं, मोहफुलं, बोरं असा काही चौरस किलोमीटरांचा मुलूख लागतो. वाघाचं गणित फार वरचं. वर्षाला चितळाएवढी पन्नासेक जनावरं तो मारतो आणि तेवढी मारूनही कळप टिकायचा तर पाचशेंचा कळप हवा. एकच जंगल वाळवीला खंड आणि वाघाला बेट असतं, ते असं. २०२२च्या गणनेत या बेटावर ९७ वाघ निघाले. जागा भरलेली आहे. बाप मंडळी पोरांना हुसकतात.

पोरं जातात, आणि काय जातात! शेजारच्या ब्रह्मपुरीच्या जंगलातला एक वाघ २०२३ साली ओडिशातल्या महेंद्रगिरीला कॅमेऱ्यात सापडला. पट्ट्यांवरून ओळख पटली. माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे वाघाचे पट्टे ज्याचे त्याला. चार राज्यं, सुमारे दोन हजार किलोमीटर. सगळ्यांचं असं होत नाही. गळ्यात रेडिओ कॉलर असलेला श्रीनिवास नावाचा वाघ २०१७ साली नागभीडकडे शेताच्या तारेतल्या विजेने गेला. तार रानडुकरांसाठी होती. गोसीखुर्दचा कालवा धानाला पाणी देतो, पण त्याच्या गुळगुळीत सिमेंटच्या भिंतीवरून उतरलेलं जनावर पुन्हा चढत नाही. आणि हा समुद्र रिकामाही नाही, हे सफारीच्या गाडीत बसलेल्याने विसरू नये. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या. त्या गावांना वाघांच्या येजेचा ‘कॉरिडॉर’ हा शब्द ऐकवताना माझी तरी जीभ अडखळते.

येजा बंद पडली तर बेटावर काय होतं, ते सिमिलिपालने दाखवलं आहे. ओडिशातल्या त्या एकाकी जंगलात तीन वाघांमागे एकाच्या अंगावर पट्टे इतके जाड, की वाघ काळाच दिसावा. एका जनुकात एका अक्षराचा बदल झाला आणि आपसातल्या संबंधांमुळे तो पसरत गेला, असं शास्त्रज्ञ उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ साली दाखवलं. नवं रक्त हवं म्हणून २०२४च्या अखेरीस ताडोबातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी तिकडे नेल्या. झीनत तिथूनही निघाली, झारखंड ओलांडून पश्चिम बंगालात पोचली. शेवटी बेशुद्ध करून परत आणावी लागली. ट्रकने पोचवलेल्या पाहुण्याला आपण कुठे आहोत ते कळायलाही वेळ लागत असणार.

संध्याकाळी चिमूरकडे परतताना गाडी बफरच्या कडेला थांबवली. रस्त्यापलीकडे नांगरून ठेवलेलं काळं रान, क्षितिजापर्यंत एक झुडूप नाही. सकाळचा तो वाघ इथून निघाला तर, असं मी विचारलं. गाइडनी ढेकळांकडे पाहिलं.

‘‘आत्ता नाही जी निघायचा. दिवाळीपर्यंत थांबला तं बरं. तवा तूर उभी राहते, डोक्याइतकी.’’