स्वस्त कुलपाच्या पोटात

आमचे गावचे घर वर्षातले नऊ-दहा महिने बंद असते. कोकणात आमच्यासारखी कितीतरी घरे आहेत. एक भाऊ आखातात, दुसरा मुंबईला, मुले शाळेसाठी शहरात. ईदला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत चार दिवस दार उघडते, अंगण झाडले जाते, चूल पेटते आणि मग पुन्हा कुलूप. मागे राहतात अम्मीचे तांब्याचे हंडे, अब्बांची पुस्तके आणि कपाटात जमिनीचे जुने कागद. ही सगळी अमानत मुठीएवढ्या पितळी वस्तूवर सोपवून आम्ही एस.टी. पकडतो.

मागच्या ईदला घरी पोहोचलो तर तिन्ही कुलपे अडून बसली होती. पावसाळा आणि खारा वारा दोघांनी आपले काम केले होते. किल्ली आत जात होती, पण फिरत नव्हती. शेवटी बाजारातून चावीवाल्या चाचांना बोलावले. पुढच्या दाराचे कुलूप सर्वांत जाड आणि वजनदार. भाईजानने ते चांगले पैसे मोजून आणले होते. चाचांनी ते शेजारून आलेला चहा निवायच्या आत उघडले. पडवीच्या खोलीचेही तसेच. मागच्या दाराचे कुलूप मात्र आम्ही घाईघाईत, हाताला लागले म्हणून घेतलेले, तिन्हींत स्वस्त. त्याच्याशी चाचा अर्धा तास झगडले. दोनदा हत्यार खाली ठेवून त्यांनी कपाळ पुसले.

आम्ही विचारले, "चाचा, हे उलटे कसे?"

ते म्हणाले, "भाव डब्यावर लिहितात. आत काय भरलंय ते कापल्याशिवाय कळत नाही."

तिन्ही कुलपे गंजून कामातून गेलीच होती. मग आम्ही ती चाचांच्या दुकानात नेली आणि कापून पाहिली. त्या दुपारी जे पाहिले, ते घर बंद करून जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला माहीत असावे, म्हणून हा लेख.

आधी कुलूप चालते कसे ते समजून घेऊ. चपट्या, एका बाजूने दातेरी किल्लीचे कुलूप घ्या. किल्ली ज्यात शिरते तो आतला गोल गाभा फिरला की कुलूप उघडते. हा गाभा फिरू नये म्हणून त्याच्यात आणि बाहेरच्या पितळेत आरपार बारीक भोके पाडलेली असतात. प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि त्यांच्यावर एक स्प्रिंग. खालची पिन किल्लीला टेकते, वरची पिन गाभा आणि बाहेरचे पितळ या दोघांत अडकून त्याला रोखून धरते. योग्य किल्ली घातली की तिचे दाते प्रत्येक जोडी नेमकी इतकी उचलतात की दोन पिनांमधला सांधा गाभ्याच्या काठाशी येतो. सगळे सांधे एका रेघेत आले की गाभा मोकळा होतो. एक जरी जोडी केसभर वर-खाली राहिली तरी तो हलत नाही.

ही कल्पना फार जुनी आहे. इजिप्तच्या खेड्यांत एकोणिसाव्या शतकातही दारांना लाकडी पिनांची कुलपे होती आणि त्यांची किल्ली दात घासायच्या मोठ्या ब्रशसारखी दिसे. अमेरिकेतल्या लायनस येल यांनी १८६० च्या दशकात तीच कल्पना धातूच्या लहानशा गाभ्यात आणि चपट्या किल्लीत बसवली. आज बाजारात मिळणारी चपट्या किल्लीची बहुतेक कुलपे त्याच घराण्यातली.

आता आमची तीन कुलपे. चाचांनी पहिले, जाड कुलूप शेगड्यात धरले. त्याच्या अरुंद बाजूवर पाच पुसट गोल खुणा होत्या. पिना आत भरल्यावर भोकांची तोंडे पितळेच्या बुचांनी बंद करून घासतात, त्या या खुणा. किल्लीलाही पाच खाचा. बुचे काढली तेव्हा तीन भोकांतून पिना आणि स्प्रिंगा निघाल्या. उरलेली दोन भोके रिकामी! पाचाचे पैसे देऊन आम्ही तीन पिनांवर घर सोडून जात होतो.

हिशेब करून पाहा. एका पिनेच्या चार उंच्या धरल्या तर तीन पिनांच्या कुलपाच्या ६४ च वेगळ्या किल्ल्या होऊ शकतात. पाच पिना असत्या तर १,०२४. एका दुकानातून आणलेली दोन कुलपे कधीकधी एकाच किल्लीने उघडतात, त्याचे एक कारण हेच.

दुसऱ्या कुलपात चार जोड्या होत्या, भोके सगळी भरलेली. पण चारही वरच्या पिना साध्या, कापलेल्या काडीसारख्या सरळ. अशा कुलपात हत्याराने एकेक पिन उचलत गेले की ती काठावर सरळ बसत जाते. जाणत्या हाताला तिचा त्रास नाही.

तिसऱ्या, स्वस्त कुलपातही चारच जोड्या. चाचांनी पिना पांढऱ्या कागदावर ओळीने मांडल्या आणि दोन पिना बोटाने बाजूला सारल्या. त्या दोन्हींना मध्ये कंबर होती, दोऱ्याच्या रिळाला असते तशी. दोन्ही टोके रुंद, मधला भाग कोरलेला. अर्धा तास चाचांना दमवले ते या दोन पिनांनी. किल्लीशिवाय उचलताना अशी पिन मध्येच तिरपी होते आणि तिची रुंद कड काठाला अडकते. गाभा थोडासा फिरतो, उघडणाऱ्याला वाटते झाले काम, आणि तिथेच सगळे घट्ट बसते. किल्ली मात्र पिनेला सरळ, मापात उचलते, म्हणून मालकाला काहीच जाणवत नाही.

चाचांच्या डब्यात अशा आणखी पिना होत्या. एक आळंबीसारखी, टोकाला रुंद टोपी आणि खाली निमुळती. ती रिळाच्या पिनेसारखीच फसवते. दुसरी स्क्रूसारखी दिसणारी, अंगभर बारीक खाचा. तिची प्रत्येक खाच काठाला अडकते आणि पिन जागेवर बसल्याचा खोटा इशारा देते. हिला ओळखायला डोळे बारीक करायची गरज नाही, नख फिरवले की करकर लागते. रिळाची पिन कागदावर आडवी ठेवून तिच्यावर सुई धरा, मधल्या खड्ड्यात सुई घसरते. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो मोठा केला तरी फरक स्वच्छ दिसतो.

स्वस्त कुलपात अशी पिन येते कशी? पिना पितळेच्या सळईतून यंत्रावर कापल्या जातात. कापता कापता एक खाच पाडायला फारसा जादा खर्च येत नाही. म्हणून काही कारखानदार स्वस्त मालातही अशा एक-दोन पिना घालतात, आणि काही महागड्या दिसणाऱ्या मालातही घालत नाहीत. अमेरिकेतल्या मास्टर लॉक कंपनीचे १४० क्रमांकाचे साधे पितळी कुलूप याचे नावाजलेले उदाहरण. त्यात चारच पिना असतात, पण त्यांत रिळाच्या पिना असल्याने कुलपे उघडण्याचा छंद असलेले लोक नवशिक्यांना सरावासाठी तेच सुचवतात. अर्थात खाचेची पिन हा जादूचा ताईत नव्हे. भोके सैल, गाभा डगमगणारा असेल तर तीही फार काळ रोखू शकत नाही.

घरी कुणाला पाहायचे असेल तर फक्त आपले, बिघडलेले कुलूप घ्यावे. बुचे काढताना स्प्रिंगा उडतात, म्हणून डोळ्यांवर चश्मा हवा आणि खाली ताट. मुलांना दाखवा, पण ड्रिल आणि करवत मोठ्यांच्या हाती असू द्या.

इथे एक प्रश्न आमच्याही घरात निघाला. अम्मी म्हणाल्या, "अशा गोष्टी छापायच्या? उद्या चोर वाचतील." प्रश्न नवा नाही. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कारागिराने चब कंपनीचे नामांकित कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडून दाखवले. ब्रामा कंपनीचे कुलूप तर अनेक वर्षे दुकानाच्या खिडकीत मांडलेले होते. उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनी, अशी त्यावर पैज होती. हॉब्जने १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून तेही उघडले. मोठी ओरड झाली. हॉब्जचे म्हणणे असे होते की चोरांना हे आधीपासून ठाऊक असते, अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा. त्यानंतर इंग्लंडमधली कुलपे सुधारली. अम्मींना हे सांगितले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग रिकाम्या भोकांचंही लिहा."

आपल्याकडची कुलपे म्हटले की अलीगढ आठवते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे कुलपांचा धंदा रुजला आणि आजही जुन्या शहराच्या गल्ल्यांत घराघरांतून कुलपांचे सुटे भाग घडतात. त्यात मुस्लिम कारागीर मोठ्या संख्येने आहेत. कुणी फक्त ओतकाम करतो, कुणी फक्त घासकाम आणि घरातल्या बायका-मुलीही जोडकामाला बसतात. मजुरी नगावर. पिन भरायची की भोक रिकामे सोडायचे, हे त्या कारागिराच्या हाती नसते. ते भाव पाडून मागणाऱ्याच्या आणि तो भाव कबूल करणाऱ्याच्या हाती असते. त्या भावात आपणही आलो. दुकानात 'आणखी स्वस्त दाखवा' म्हणणारे आपणच.

अलीगढचे नाव घेतले म्हणून हेही सांगायला हवे की तिथली पुष्कळ कुलपे पिनांची नसून लिव्हरची असतात. किल्लीच्या दांड्याच्या टोकाशीच दाते असतील आणि डब्यावर 'सहा लिव्हर', 'सात लिव्हर' असे लिहिले असेल तर ते लिव्हरचे कुलूप. त्यात पिनांऐवजी पत्र्याच्या पट्ट्या उचलल्या जातात. त्याला वरची तपासणी लागू नाही.

चपट्या किल्लीचे कुलूप घेताना मात्र दुकानातच तीन गोष्टी पाहता येतात. किल्लीच्या खाचा मोजा. कुलपाच्या अरुंद बाजूवरच्या गोल खुणा मोजा. मग मोबाइलची बॅटरी लावून किल्लीच्या भोकात डोकावा आणि दिसणाऱ्या पिना मोजा. तिन्ही आकडे जुळले नाहीत तर कुलूप परत ठेवा. कंबर असलेली पिन मात्र अशी दिसत नाही. ती वरच्या बाजूला, खालच्या पिनेच्या आड दडलेली असते. तिच्यासाठी चावीवाल्याला विचारावे. रोज दहा कुलपे उघडणाऱ्याला कुठले त्रास देते ते पाठ असते.

चाचांनी निघताना आणखी एक गोष्ट दाखवली. पुढच्या दाराचा कोयंडा हाताने ओढला तर तो हलला. स्क्रू आखूड आणि लाकूड कुजलेले. "चोर माझ्यासारखा बसून पिना कशाला उचलेल? पहार घालील," ते म्हणाले. हत्याराने कुलूप उघडणारे थोडे, कोयंडा उपटणारे अधिक. कुलूप आपल्याला फक्त वेळ मिळवून देते, आणि तो वेळ सर्वांत कच्च्या भागाएवढाच असतो.

त्यामुळे आम्ही आधी सुतार बोलावला. कुजलेली फळी बदलली, कडी-कोयंडा आरपार बोल्टांनी बसवला, त्यांचे नट आतल्या बाजूला ठेवले. मग चाचांनी सुचवलेली, सगळी भोके भरलेली दोन कुलपे घेतली. त्यांत खोबरेल तेल घालायचे नाही, अशी त्यांची ताकीद आहे. ते घट्ट होते, धूळ धरते आणि पिना चिकटतात. पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड फुंकून घातली की पुरे. जमिनीचे कागद आम्ही मुंबईला आणले. एक किल्ली शेजारच्या खालाजानकडे दिली आणि महिन्यातून एकदा दार उघडून पाहायला सांगितले. तो फेरा कुठल्याही पिनेपेक्षा मोलाचा आहे, कारण नांदते दिसणारे घर चोर टाळतो.

त्या तीन कुलपांतल्या पिना अम्मींनी टाकू दिल्या नाहीत. सुरम्याच्या एका रिकाम्या डबीत त्या ठेवल्या आहेत. कुणी नवे कुलूप दाखवायला आणले की त्या डबी उघडतात, कंबरेची पिन बोटावर घेतात आणि विचारतात, "यात अशी आहे का?" बहुतेकांना उत्तर माहीत नसते. मग अम्मी त्यांना बॅटरी देतात आणि म्हणतात, "निदान भोकं तरी मोजा."