सापडलेल्या वस्तूंतून प्राणिशिल्प : स्वरूप व मूल्यमापन

प्रस्तावना :
कोल्हापुरात बाबूराव पेंटर, रवींद्र मेस्त्री आदी कलावंतांनी यथार्थदर्शी शिल्पकलेची परंपरा रुजविली. आषाढातील बेंदराला येथे मातीच्या बैलांची पूजा होते. प्राणिशिल्प आपणांस नवे नाही. तथापि नित्याच्या वापरातील वस्तू जोडून केलेले प्राणिशिल्प महाविद्यालयांत बहुधा 'टाकाऊपासून टिकाऊ' स्पर्धेपुरतेच उरते. शिल्प म्हणून त्याचे मूल्य कशात आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्वरूप :
पाषाणशिल्पात अनावश्यक भाग काढला जातो, मातीकामात भर घातली जाते. येथे मात्र तयार आकारांची जोडणी होते. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची बैठक व हँडल या दोनच वस्तूंतून बैलाचे मस्तक साकारले. १९५१ च्या वानरीच्या शिल्पात त्याने दोन खेळण्यातील मोटारी जोडून तिचे तोंड घडविले. पाहणाऱ्यास बैल दिसतो आणि सायकलही दिसते. हे दुहेरी दर्शन हाच या प्रकाराचा प्राण होय. वस्तूची ओळख रंगाखाली पूर्णपणे लपविली, तर तो नष्ट होतो.

प्रक्रिया :
प्रथम निरीक्षण, नंतर वस्तूची निवड, असा क्रम असावा. खिलार बैलाची लांब, मागे झुकून वर जाणारी शिंगे, वशिंड व गळ्याखालची पोळी यांची रेखाटने विद्यार्थ्याने आधी करावीत. मग विळ्याचे पाते, सायकलची चेन वा नांगराचा फाळ यांतील नेमकी वक्ररेषा त्यास आपोआप गवसते. उद्यमनगरच्या परिसरात लोखंडी मोडीची वानवा नाही. लोखंडास वेल्डिंग, लाकडास स्क्रू, तर भिन्न द्रव्यांस तारेची बांधणी उपयुक्त ठरते. मस्तक जड झाल्यास शिल्प पुढे कलते. म्हणून पायांची मांडणी करतानाच तोल तपासावा.

समारोप :
अशा कृतींना गुण देताना किती कचरा वापरला, याची मोजदाद आपण परीक्षक करीत असतो. पर्यावरणाचा हेतू स्तुत्य असला, तरी तो कलेचा निकष नव्हे. विद्यार्थ्याने प्राणी किती जाणला आणि कमीत कमी वस्तूंत तो कसा उभा केला, हे पाहिले पाहिजे. अन्यथा शंभर झाकणे चिकटविणारा प्रथम येईल आणि दोन वस्तूंत बैल ओळखणारा मागे राहील.