आत राहिलेला बोल्ट

तुटलेला बोल्ट काढायला सायकल आली की आमच्या पेठेतले मेकॅनिककाका हत्यार उचलायच्या आधी एकच विचारतात, "डोकं कुठंय?" बहुतेकांनी ते रस्त्यातच सोडलेलं असतं. त्या दिवशी आलेल्या मुलाने मात्र खिशातून दोन डोकी काढून दिली. ॲल्युमिनियम फ्रेमची गिअरवाली सायकल, मागे कॅरियर, त्याला दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या बॅगा. कोकणातून परतताना उजवा बोल्ट घाटात तुटला, म्हणून कॅरियर सुतळीने बांधून स्वारी पुण्याला पोचली. घरी येऊन डावा काढायला गेली, तर तोही पिळून तुटला.

दोन्ही बोल्ट एकाच पुडीतले, पाच मिलिमीटरचे, स्टेनलेस स्टीलचे. दोन्ही फ्रेममध्ये तुटलेले. काकांनी डोकी उजेडात फिरवून पाहिली. "उजवा आत्ता निघेल. डाव्याला वेळ लागेल. सायकल ठेवून जा."

हे भाकीत त्यांनी तुटलेल्या तोंडावरून केलं होतं. उजव्या बोल्टचा अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत आणि काळपट होता, त्यावर बारीक कमानीसारख्या रेघा दिसत होत्या. कडेची उरलेली पट्टी मात्र खडबडीत आणि चकचकीत होती. म्हणजे चीर फार दिवसांची, शेवटचा तुकडा काय तो घाटात तुटला. कॅरियरचा बोल्ट खरं तर वजन स्वतःच्या अंगावर घेत नसतो. तो कॅरियरचा पाय फ्रेमवर घट्ट दाबून धरतो आणि वजन त्या दाबातून येणाऱ्या घर्षणावर पेललं जातं. बोल्ट जरा सैल झाला की तो दाब जातो. मग प्रत्येक खड्ड्याला पाय हलतो, बोल्ट किंचित वाकतो आणि परत सरळ होतो. फ्रेमच्या तोंडाशी असलेल्या आट्यात चीर पडते आणि हळूहळू आत सरकत जाते. आता यातली सोयीची गोष्ट अशी, की जो बोल्ट सैल झाल्यामुळे तुटला, तो आतही सैलच असतो.

डाव्याचं तोंड सपाट होतं आणि त्यावर गोल फिरलेल्या रेघा होत्या. हा पीळ देऊन तुटलेला. त्याचे आटे फ्रेमला इतके धरून होते, की ॲलन की फिरली, डोकं फिरलं, पण आतला भाग जागचा हलला नाही.

उजव्याचं काम चाक काढण्याइतकंच. मागचं चाक उतरवल्यावर आतल्या बाजूने, जिथे एरवी सर्वांत लहान दातेचक्र असतं तिथे, बोल्टचं टोक दोन आटे बाहेर आलेलं दिसलं. काकांनी ते लॉकवाल्या पक्कडीत धरलं आणि आतल्या बाजूने पाहता डावीकडे फिरवायला लागले. म्हणजे बाहेरून पाहिलं तर ते बोल्ट चक्क आवळत होते! कारण विचारलं, तर हातातलं काम न थांबवता म्हणाले, "उलटा काढला तर ही सगळी घाण आट्यांतून ओढत न्यावी लागेल." बाहेर आलेल्या टोकावर चिखल, जुनं ग्रीस आणि धूळ यांचा थर बसलेला होता. पुढे फिरवत नेलं की तो भाग आणखी बाहेर येतो, भोकात पुन्हा शिरत नाही. तुकडा आरपार निघाला. नंतर आटे पाडायचा टॅप भोकातून फिरवला, तोही केवळ खात्रीसाठी.

डाव्याला आदल्या संध्याकाळी गंज सोडवायचं तेल सोडून ठेवलं होतं, आणि सकाळी त्याचा काहीही उपयोग झालेला नव्हता. तेल लोखंडी गंजात मुरतं, पण इथे लोखंडाचा गंज नव्हताच. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकून असले आणि मध्ये पावसाचं पाणी, त्यातून कोकणातली खारी हवा आली, की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आट्यांमध्ये पाचरीसारखी ठासून बसते. तुकड्याच्या कडेला टोकदार पंच लावून, हातोडीने हलके ठोके देत तो उलटा फिरतो का, हे काकांनी पाहिलं. नाही फिरला. गॅसची ज्योत त्यांनी काढलीच नाही. जुन्या लोखंडी सायकलला ते खुशाल तापवतात, पण ही फ्रेम ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमची. तिची ताकद कारखान्यात ठरावीक तापमानाला तापवून आणलेली असते आणि ज्योतीने ती जाऊ शकते. रंग जळतो तो वेगळाच.

फळीवर ईझी आउटचा संच पडलेला होता. भोक पाडून त्यात हा उलट्या चक्राचा खिळा फिरवायचा, तो रुतला की तुकडा बाहेर येतो, असा त्याचा हिशोब. काकांचा त्याच्यावर भरवसा नाही, आणि एवढ्या लहान बोल्टच्या बाबतीत मला त्यांचं पटतं. पाचरीसारखा खिळा आत गेला की पोकळ झालेला तुकडा फुगून उलट जास्तच घट्ट बसतो. त्यातून तो खिळा कडक आणि ठिसूळ. आत तुटला, तर नेहमीचं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही.

म्हणून ड्रिल. तुटलेलं तोंड आधी बारीक कानशीने सपाट केलं. मग मधोमध पंच मारायचा होता, आणि सगळ्या कामातला सर्वांत जास्त वेळ इथे गेला. काकांनी चष्म्यावर भिंग चढवलं, पंच टेकवला, उचलला, बाजूने पाहिलं, पुन्हा टेकवला. स्टेनलेस कठीण आणि भोवतालचं ॲल्युमिनियम मऊ. ड्रिलला सरकायला जरा जरी वाव मिळाला, तर ते मऊ बाजूला पळतं आणि फ्रेमचे आटे खाऊन टाकतं.

पहिलं बिट दोन मिलिमीटरचं. वेग अगदी कमी, दाब भरपूर आणि दर थोड्या वेळाने तेलाचा थेंब. स्टेनलेसवर ड्रिल जोरात फिरवून नुसतं टेकवून ठेवलं, तर ते कापत नाही, घासतं, आणि घासलेली जागा आणखी कडक होऊन बसते. मग नवीन बिटही तिथे बोथट होतं. काका कानाने काम करत होते. बिटाखालून लांब वेटोळी निघत होती तोवर आवाज घोगरा होता. एकदा तो चिरका झाला, तेव्हा त्यांनी लगेच ड्रिल उचललं आणि बिट बदललं. त्यानंतर तीनचं बिट आणि शेवटी ४.२ मिलिमीटरचं. पाच मिलिमीटरच्या या बोल्टच्या आट्यांमधलं अंतर ०.८ मिलिमीटर, मधला गाभा ४.२ ने कोरून काढला, की फक्त आट्यांची तार उरते. टोकदार सुईने त्यांनी त्या तारेचं टोक उचकटलं, चिमट्यात धरलं, आणि ती स्प्रिंगसारखी उलगडत बाहेर आली. मागोमाग पांढरी भुकटी सांडली. बाहेरच्या तोंडाशी एक आटा थोडा खाल्ला गेला होता, बाकीचे शाबूत होते. ते गेले असते, तर भोक मोठं करून सहाचा टॅप मारायचा, हे काकांनी ठरवून ठेवलेलं होतं. पण त्या कडेला धातू मुळातच कमी, त्यामुळे तशी वेळ न आल्याचा त्यांना आनंद झालेला दिसला.

संध्याकाळी मुलगा आला. नवे बोल्ट पुन्हा स्टेनलेसचेच द्या म्हणाला, ते गंजत नाहीत म्हणून.

"बोल्ट नाही गंजत, तुझी फ्रेम गंजते," काका म्हणाले. तरी त्यांनी स्टेनलेसचेच दिले, पण आट्यांना ग्रीस चोपडून आणि खाली स्प्रिंगचा वायसर घालून. पावसाळ्याआधी एकदा पूर्ण काढून परत ग्रीस लाव, आणि लांबच्या सफरीत रोज सकाळी हात लावून बघ, सैल झालाय का ते, असंही बजावलं. मग चार मिलिमीटरची ॲलन की त्याच्या हातात दिली आणि त्यालाच आवळायला लावलं. त्याने सवयीने किल्लीचा लांब दांडा मुठीत धरला. काकांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली, उलटी केली आणि आखूड बाजू हातात ठेवली. "आता आवळ. हिने तुटणार नाही."