तांब्यावरचा ठिपका नक्की कुठे असतो?

गेल्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ वाटून झाल्यावर आम्ही मुलांसाठी एक टेबल मांडले होते, हे काही जणांना आठवत असेल. टेबलावर चिंचेने घासून लख्ख केलेला पितळी तांब्या, आमटीचा डाव आणि कुंकवाची डबी. (चिंचच का, हा खरा आमच्या रसायनशास्त्राचा प्रश्न, तो पुढच्या अंकासाठी राखून ठेवतो.) "यात सायन्स कुठे आहे?" असे एका वडिलांनी विचारले होते. त्यांच्यासाठी, आणि नाटकाच्या तालमीमुळे टेबलापर्यंत न पोचलेल्या मंडळींसाठी हा लेख.

प्रयोग घरी करण्यासारखा आहे. खोलीत एकच दिवा ठेवा, तुमच्या पाठीमागे, जरा उंच आणि दूर. समोर हातभर अंतरावर तांब्या ठेवा. त्याच्या फुगीर पोटावर दिव्याचा तेजस्वी ठिपका दिसेल. त्याच्या शेजारी कुंकवाचे बोट लावा आणि मान न हलवता दोन्ही डोळ्यांनी निवांत पाहा. कुंकू पितळेवर आहे. ठिपका मात्र पितळेवर नाही, तो तांब्याच्या पोटात आहे! आता एक डोळा मिटा. आत कोण आणि वर कोण, हे सांगता येईनासे होते.

शाळेत आपण बहिर्वक्र आरशाच्या आकृत्या काढल्या होत्या. दूरच्या वस्तूची प्रतिमा आरशामागे, वक्रतेच्या त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर. तांब्याच्या पोटाची त्रिज्या 6 सेंटीमीटर धरली तर ठिपका 3 सेंटीमीटर आत. डावाचा खोलगट भाग म्हणजे अंतर्वक्र आरसा. तिथे ठिपका धातूच्या पुढे हवेत तरंगतो. मार्कांसाठी आकृत्या काढल्या, पण तांब्यात डोकावून बघा असे आम्हाला कोणी सांगितले नाही.

आपल्या दोन डोळ्यांत साधारण 6 सेंटीमीटरचे अंतर असते, त्यामुळे दोघांना जग किंचित वेगळे दिसते. या फरकावरून मेंदू खोली काढतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1838 मध्ये स्टिरिओस्कोप वापरून दाखवले. पण हा फरक खोलीपुरताच कामाला येत नाही. 1850 च्या सुमारास बर्लिनच्या हाइनरिख डोव्ह यांनी एकाच आकृतीचा एक भाग एका डोळ्याला काळा आणि दुसऱ्याला पांढरा दाखवला. पाहणाऱ्याला राखाडी रंग दिसला नाही, चकाकी दिसली! कागद साधाच होता. पुढे 1990 मध्ये ब्लेक आणि ब्यूल्टहॉफ यांनी संगणकावरच्या चित्रात तोच आपला ठिपका मागेपुढे सरकवून पाहिला. फुगीर पृष्ठभागाच्या मागे ठेवला तर पृष्ठभाग चकचकीत वाटतो. नेमका पृष्ठभागावर ठेवला तर रंगाचा डाग वाटतो.

पैठणीचा फोटो पाहून आपण हरखतो आणि प्रत्यक्षात ती हातात आली की आणखी हरखतो, त्याचे एक कारण इथे आहे. धूपछाव रेशमात उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. बघण्याचा कोन बदलला की रंगांचे प्रमाण बदलते, म्हणून दोन डोळ्यांना जराशी वेगळी पैठणी दिसते. फोटोत दोघांना एकच. (भारतातून फोटोवर साडी पसंत करणाऱ्यांनी विचार करावा.)

आता जे लिहायचे आहे, ते त्या घरच्यांना विचारूनच लिहीत आहोत. त्या दिवशी सात वर्षांची एक मुलगी टेबलाशी बराच वेळ थांबली. एक डोळा मिटला, उघडला, पुन्हा मिटला आणि म्हणाली, "काका, दोन्ही सेमच आहे." आधी आम्हाला वाटले, तिला प्रश्न कळला नाही. मग तिच्या आईला हळूच सांगितले. तांब्या म्हणजे काही डोळ्यांची तपासणी नव्हे, पण डॉक्टरांकडे दाखवायला काय हरकत आहे? दाखवले. डावा डोळा बराच अधू निघाला. पोरगी वाचनात हुशार, कधी तक्रार नाही. तक्रार करणार कशी? तिला दुसरे काही माहीतच नव्हते.

याला मंददृष्टी म्हणतात. शंभरातल्या दोन-तीन मुलांना ती असते. डोळा तिरळा असेल तर घरच्यांच्या लक्षात येते, पण दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही. मेंदू चांगल्या डोळ्याचे ऐकतो आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. शाळेत तक्ता वाचताना मूल हाताच्या फटीतून चांगल्या डोळ्याने बघते आणि पास होते! म्हणून एकेक डोळा नीट झाकून झालेली तपासणी हवी, आणि ती शाळेत जाण्याआधी झालेली बरी. उपाय साधे आहेत : चष्मा, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, किंवा अ‍ॅट्रोपिनचे थेंब. अ‍ॅट्रोपिन आपल्या धोतऱ्यातही असते, पण ते विष आहे. घरगुती प्रयोग तांब्यापुरतेच ठेवावेत. लहान वयात गुण लवकर येतो. सात वर्षांनंतर काही उपयोग नाही असे पूर्वी सांगत, पण 2005 मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात मोठ्या मुलांपैकीही अनेकांची नजर सुधारलेली दिसली.

गणपतीत तोच तांब्या कलश म्हणून मांडला होता. आरती संपल्यावर ती पट्टी काढून त्याच्यासमोर उभी राहिली. ठिपका "थोडासा आत" आहे म्हणाली. मग स्वयंपाकघरातून डाव मागवला. तो मात्र तिला अजून जमलेला नाही.