औषधांचा दुसरा जन्म (लेखांक ७) : कपलिंग नसलेला डबा

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह हे लहानसे स्थानक आहे. नृसिंहाच्या दर्शनाला येणारे भाविक इथे उतरतात. या फलाटावर उभे राहून तुम्ही मालगाडी जाताना पाहिली असेल, तर आजचा विषय निम्मा समजलाच म्हणा. डबे एकमेकांना लागतात ते दोन्ही टोकांच्या कपलिंगमुळे. एखाद्या डब्याला पुढे कपलिंग आहे आणि मागे नाही, तर तो गाडीला लागेल खरा, पण त्याच्यामागे दुसरा डबा लागणार नाही. गाडी तिथेच संपली.

मागच्या आठवड्यात आपण डीएनएच्या साखळीची ओळख करून घेतली. त्या साखळीतला एकेक डबा न्यूक्लिओसाइडपासून तयार होतो. न्यूक्लिओसाइड म्हणजे एक साखर आणि तिला जोडलेला एक बेस. पेशी त्यावर फॉस्फेट चढवते आणि पॉलिमरेज नावाचे विकर तो साखळीत ओवते. साखरेच्या तिसऱ्या कार्बनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते, पुढचा डबा तिथेच अडकतो. ती जोडी काढून दुसरेच काही बसवले, की झाला कपलिंग नसलेला डबा. विकर फसते आणि साखळी खुंटते.

कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात, म्हणजे सतत डीएनए बांधत असतात. त्यांच्या हाती असे नकली डबे दिले तर? याच विचाराने १९६४ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट इथे जेरोम हॉर्विट्झ यांनी थायमिडिनवरची ती जोडी काढून तीन नायट्रोजनचा अझाइड गट बसवला. हाच रेणू पुढे एझेडटी किंवा झिडोव्हुडिन म्हणून ओळखला गेला. ल्युकेमिया झालेल्या उंदरांवर त्याचा काहीही परिणाम झाला नाही. हॉर्विट्झ यांनी पेटंटसुद्धा घेतले नाही. मात्र रेणू कसा तयार केला, ते शोधनिबंधात नीट लिहून ठेवले. त्या लिहून ठेवण्याचे मोल वीस वर्षांनी कळले.

एचआयव्ही माणसाच्या पेशीत शिरला, की आपल्या आरएनएवरून डीएनए लिहून घेतो. त्यासाठी तो स्वतःचे विकर बरोबर आणतो, रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज. १९८५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत हिरोआकी मित्सुया आणि सॅम्युअल ब्रोडर यांनी बरोज वेलकम कंपनीकडून आलेला एझेडटी या विषाणूवर तपासला आणि विषाणूची वाढ थांबली. मार्च १९८७ मध्ये औषधाला मंजुरी मिळाली. एचआयव्हीवरचे ते पहिले औषध.

इथे क्षणभर थांबू, कारण या लेखमालेचा गाभा हाच आहे. १९६४ चा रेणू आणि १९८७ चा रेणू यांत एका अणूचाही फरक नव्हता. बदलले होते ते फसणारे विकर. आपल्या पेशींतली मुख्य विकरे हा नकली डबा बहुतेक वेळा नाकारतात, विषाणूचे विकर तो चटकन उचलते. औषध चांगले की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. ते कुणाला फसवते, हे विचारायला हवे. फसवणूक अगदी नेमकी नसते, म्हणून तर एझेडटी घेणाऱ्या काहींना रक्तक्षय होतो. आणि एकट्या औषधाला विषाणू लवकर दाद देईनासा होतो, म्हणून १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रुळली.

हा प्रवास उलट्या दिशेनेही झाला आहे. जेमसायटाबिन हा रेणू विषाणूंसाठी शोधला गेला आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगावर स्थिरावला. त्याची पूर्ण कहाणी पुढच्या आठवड्यात.

पण औषध सापडले म्हणजे ते रुग्णापर्यंत पोहोचले असे होत नाही. सुरुवातीला एझेडटीचा वर्षाचा खर्च सुमारे ८००० डॉलर होता. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत घडलेले रसायनशास्त्रज्ञ ए. व्ही. रामाराव यांनी पुढे हैदराबादच्या संस्थेत ते बनवण्याची स्वस्त पद्धत बसवली आणि मुंबईच्या सिप्लाने १९९३ मध्ये ते भारतात आणले. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे, तर बनवण्याच्या पद्धतीवरच हक्क दिला होता, म्हणून हे शक्य झाले. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तोवर जगात त्याला दहा हजार डॉलरहून अधिक पडत होते. त्या तिघांतली दोन, स्टॅव्हुडिन आणि लॅमिव्हुडिन, न्यूक्लिओसाइडच होती. १ एप्रिल २००४ पासून सरकारने हे उपचार मोफत सुरू केले. पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता.

दुसरा जन्म दर वेळी यशस्वी होतोच असे नाही. एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेत, रेमडेसिव्हिरच्या एका कुपीसाठी महाराष्ट्रभर नातेवाइकांनी रांगा लावल्या, काळ्या बाजारात पैसे मोजले. तोही नकली डबाच. आधी इबोलावर आजमावलेला आणि तिथे मागे पडलेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीने ऑक्टोबर २०२० मध्येच सांगितले होते, की रुग्णालयात दाखल झालेल्यांचे मृत्यू त्याने फारसे कमी होत नाहीत. पुढे दिसले, की लागणीच्या पहिल्या काही दिवसांत दिले तर जोखमीच्या रुग्णांना त्याचा चांगला उपयोग होतो. विषाणूची साखळी बांधून झाल्यावर ती खुंटवणारे औषध काय करणार? वेळ चुकली, की योग्य औषधही वाया जाते. घरातले दागिने मोडून कुपी आणणाऱ्यांना हे कुणीतरी वेळेवर, त्यांच्या भाषेत सांगायला हवे होते.

आज एचआयव्हीच्या गोळीत असणारे टेनोफोव्हिर याच कुळातले. तेच औषध हिपॅटायटिस बी या काविळीवरही चालते, कारण त्या विषाणूलाही आरएनएवरून डीएनए लिहावा लागतो. दोन्ही आजारांची तपासणी आणि उपचार सरकारी कार्यक्रमांत मोफत मिळतात. नकली डबा साखळी अडवतो तो रोज हजर असेल तरच. तुमच्या घरात, शेजारी कुणी ही गोळी घेत असेल, तर बरे वाटू लागले म्हणून डॉक्टरांना न विचारता ती बंद करू देऊ नका.