उसन्या सांध्यांची स्पोर्ट्स कार

लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन 1957 मध्ये आली. हवी तर तयार गाडी घ्या, नाहीतर सुट्या भागांची खोकी, म्हणजे किट, घरी नेऊन स्वतः जोडा. खोकी घेणाऱ्याचा ब्रिटनमधला खरेदी कर वाचायचा, पण सोबत जोडणीच्या सूचना द्यायला मनाई होती. मग लोटसनं गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकांनी त्या शेवटाकडून वाचल्या, असा किस्सा आजही चवीनं सांगितला जातो. 1973 मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला, सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. करातली गंमत संपली, गॅरेजात गाडी जोडण्याचं वेड मात्र टिकलं.

या जोडणीत सगळ्यात कमी दिसणारा आणि सगळ्यात जास्त सोसणारा भाग म्हणजे पुढच्या चाकांमागचे अपराइट. आपल्याकडचे मेकॅनिक अशा भागाला ‘नकल’ म्हणतात. वरचा आणि खालचा असे दोन सस्पेन्शन आर्म त्याला धरून ठेवतात, चाकाचा हब त्याच्यावर फिरतो, ब्रेकचा कॅलिपर त्यालाच बोल्टनं बसतो आणि टायरॉड त्यालाच ढकलून-ओढून चाक वळवतो. खड्डा, ब्रेक, वळण, सगळ्यांचा मार याच तुकड्यावर.

असा भाग स्वतः घडवणं छोट्या कंपनीला परवडत नाही. म्हणून किट कारवाल्यांनी तो नेहमीच घरगुती मोटारींकडून उसना घेतला. नंतरच्या सेव्हननी तो ट्रायम्फ हेरल्डकडून घेतला. हीच हेरल्ड पुढे मद्रासला ‘स्टँडर्ड हेरल्ड’ म्हणून बनू लागली, त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकांत मुंबई-पुण्यात जिनं बिऱ्हाडं वाहिली त्या गाडीच्या पुढच्या चाकांमागे आणि इंग्लंडमधल्या त्या चपळ दोन सीटरच्या पुढच्या चाकांमागे एकाच घराण्याचं लोखंड होतं.

हेरल्डच्या अपराइटला वर बॉल जॉइंट असतो, पण खाली नसतो. खालच्या टोकाला आटे पाडलेले असतात आणि ते पितळी रंगाच्या एका सांध्यात, म्हणजे ट्रनियनमध्ये, फिरवून बसवलेले असतात. स्टिअरिंग वळलं की आटे थोडे आत-बाहेर होतात. एका बाजूचे आटे उजवे, दुसऱ्या बाजूचे डावे. बसवताना ट्रनियन पूर्ण आत फिरवायचा आणि मग थोडा मागे घ्यायचा. तसाच आवळून ठेवला तर चाक पूर्ण वळायच्या आधीच सांधा अडतो. कंपनीच्या पुस्तकात तिथं गिअर ऑइल भरायला सांगितलं होतं. अनेकांनी सवयीनं ग्रीस भरलं. घट्ट ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, आत पाणी शिरतं, गंज चढतो आणि एक दिवस अपराइट आट्यांपाशी तुटून चाक आडवं पडतं. बऱ्याचदा हे गाडी लावताना, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना घडतं, हे त्यातल्या त्यात नशीब.

1996 मध्ये रॉन चॅम्पियन यांचं अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार बांधायला शिकवणारं पुस्तक निघालं आणि किटही न घेता भंगारातून गाडी उभी करणाऱ्यांची फौज तयार झाली. त्यांचा आवडता अपराइट फोर्ड कॉर्टिनाचा. या गाडीला 1970 पासून पुढे दोन-दोन आर्म होते, त्यामुळे तिचा अपराइट वर-खाली बॉल जॉइंटसकट जसाच्या तसा वापरता येई. तो जड असतो, ही मात्र खोट. सेव्हनच्या जातीची गाडी कॉर्टिनाच्या निम्म्या वजनाची. तिला एवढं लोखंड चाकापाशी नाचवायला लावणं जरा अन्यायच. कॉर्टिना 1982 मध्येच बंद झाली होती, हळूहळू भंगारातला साठा आटला आणि लोक फोर्ड सिएराकडे वळले. सिएराचा अपराइट स्ट्रटवर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बरच्या एकत्र खांबावर टांगलेला, म्हणजे त्याला वरचा बॉल जॉइंटच नाही. स्ट्रट जिथं अडकतो त्या भोकात एक वेगळा तुकडा बसवून वर जॉइंटची सोय करावी लागते.

अपराइट बसवण्याचं काम दिसायला अर्ध्या तासाचं वाटतं. आधी डावा-उजवा ओळखायचा. बॉल जॉइंटची पिन निमुळती असते. ती आणि तिचं भोक स्वच्छ आणि कोरडं हवं, ग्रीसचा थेंबही नको, कारण पकड त्या निमुळतेपणातूनच येते. दोन्हींचा उतार एकच आहे की नाही हे रंग लावून तपासायचं. नट आवळताना पिन गरगर फिरू लागली तर सांध्याखाली जॅक देऊन तो दाबून धरायचा. सुटा करायची वेळ आली, तर भोकाच्या दोन्ही अंगांना एकदम दोन हातोडे मारायचे. ही युक्ती आपल्या मेकॅनिकनाही चांगली ठाऊक आहे. आर्मचे रबरी बुश मात्र चाक हवेत लोंबकळत असताना आवळायचे नाहीत. गाडी जमिनीवर, आपल्या उंचीला बसली की मगच, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं.

खरा वेळ यानंतर जातो. स्प्रिंग न लावता चाक हातानं पूर्ण वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे फिरवून बघायचं: ब्रेकचा होज ताणतो का, टायर आर्मला घासतो का. चाक वर उचलताना आपोआप वळत असेल, तर स्टिअरिंग रॅकची उंची चुकलेली असते. अशी गाडी प्रत्येक उंचवट्यावर स्वतःच दिशा बदलते, आणि हा दोष गॅरेजात उभ्या गाडीत दिसत नाही.

ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर येण्याआधी सरकारी तपासणी द्यावी लागते. वळणावर स्टिअरिंग सोडलं तर ते आपणहून सरळ व्हायला हवं, ही त्यातली एक परीक्षा, आणि हलक्या किट गाड्या नेमक्या इथं अडखळतात. उपाय म्हणजे अपराइटचं वरचं टोक थोडं मागे झुकवणं. पण त्या झुकावानं स्टिअरिंग जड होतं, म्हणून तोही मोजूनच द्यावा लागतो. चाकं उघडी असणाऱ्या गाडीत बाहेर आलेल्या धारदार कडाही चालत नाहीत. म्हणून अपराइटच्या आसपासच्या नटांवर प्लास्टिकच्या टोप्या चढतात, आणि पास झाल्यावर पुष्कळ जण त्या मुकाट्यानं काढून ठेवतात.