संध्याकाळचा दीड तास

इंदुरात बड्या गणपतीपाशी संध्याकाळी थोडा वेळ उभे राहिल्यास आजच्या विषयाचे स्वरूप डोळ्यांसमोर येते. मूर्ती सुमारे पंचवीस फूट उंच; तिचे दर्शन घ्यावयाचे तर मान वर करावी लागते. परंतु आईबापांचा हात प्रथम खिशाकडे जातो, मोबाइल वर होतो, आणि कडेवरचे मूल समोरच्या गणपतीकडे न पाहता त्या उजळलेल्या काचेतील गणपतीकडे पाहू लागते. ही सवय त्याने कोठून उचलली हे निराळे सांगावयास नको.

मुलांचे मोबाइलचे वेड हा घरोघरच्या तक्रारीचा विषय झाला आहे, आणि त्या तक्रारीत आरोपी नेहमी मूलच असते. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या व शिक्षण मोबाइलवर आले, तेव्हा ‘हात लावू नकोस’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनीच ते यंत्र मुलांच्या हाती दिले. मित्र, मैदान आणि गुरुजी ही तिन्ही एका काचेत जाऊन बसली. पुढे शाळा उघडल्या; पण यंत्र परत मागताच मूल चिडते याचे आपणांस नवल वाटू लागले!

या चिडण्याचे कारण समजून घेतले पाहिजे. पुस्तकाला शेवटचे पान असते, नाटकावर पडदा पडतो. मोबाइलवरील चित्रफितींना शेवट ठेवलेलाच नसतो. एक संपते न संपते तोच दुसरी हजर. खेळांतील बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसतो, आणि बेभरवशाच्या बक्षिसाची ओढ अधिक बळकट, हे तर जुगाराचे मर्मच होय. प्रौढांनाही जे आवरत नाही, ते संयमाची शक्ती अद्याप पक्व न झालेल्या मुलाने आवरावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अशा खेळांच्या अनावर नादास आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले. तथापि खेळणारे प्रत्येक मूल आजारी आहे असे कोणी समजू नये. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टी मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ न सुटणे, ही लक्षणे साधारणतः वर्षभर टिकली तरच तसे निदान करतात.

त्याहून सर्रास होणारी हानी झोपेची आहे. अनंत चतुर्दशीला इंदुरात झांक्या निघतात, आखाडे निघतात, आणि मुले बापाच्या खांद्यावर बसून रात्र जागवितात. ते जागरण वर्षातून एकदा, चार माणसांत, आनंदाचे. पांघरुणात तोंड खुपसून रोज एकट्याने केलेले जागरण निराळे. डोळ्यांवरील प्रकाशाने झोप लांबते, अपुऱ्या झोपेने मन चिडखोर व चंचल होते, आणि त्याच वेळी दुसऱ्यांची सजविलेली छायाचित्रे पाहून वयात येणाऱ्या मुलामुलींना आपले रूप, आपले घर उणे वाटू लागते. हे दुःख घरात बोलून दाखविले जात नाही.

मग मोबाइल हिसकावून घ्यावा काय? त्याने लपवालपवी मात्र वाढते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये निराळी वाट धरली. सायंकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजे आणि घराघरांतील दूरदर्शन संच व मोबाइल बंद होत. साडेआठला दुसरा भोंगा झाला की मोकळीक. या ठरावामागे गावातील स्त्रियांचा पुढाकार होता. प्रथम काहींनी ही गोष्ट हसण्यावारी नेली. मग अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि निवृत्त शिक्षक दारोदार फिरले. मुले अभ्यासाला बसू लागली, घरात बोलणे होऊ लागले. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की भोंगा केवळ मुलांसाठी नव्हता. आजोबांची बातमीपत्रे आणि आईची मालिकाही त्याच क्षणी थांबत होती. सर्वांवर सारखाच असलेला नियम मुलाला शिक्षा वाटत नाही.

आपल्या शहरात भोंगा वाजविणार कोण? पण एका बिऱ्हाडाला भोंग्याची गरज नाही, घड्याळ पुरते. जेवणाच्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत आणि रात्री सर्वांचेच मोबाइल बाहेरच्या खोलीत भारित व्हावेत, एवढ्यापासून आरंभ करता येईल. मात्र मोकळा झालेला वेळ भरला पाहिजे; पत्ते, कॅरम, पोहे करताना हाताशी घेणे, काहीही चालेल. रिकामा दीड तास कोणत्याही मुलाला छळच वाटेल.

लहानग्यांविषयी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितले आहे : दोन वर्षांखालील मुलास पडदा दाखवू नये, दोन ते पाच वर्षांच्या मुलास दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको. नातलगांशी अधूनमधून समोरासमोर बोलण्यास मात्र तान्ह्यांनाही मुभा ठेवली आहे. पुण्याच्या आजीशी इंदूरच्या नातवाचे मराठीतले बोलणे त्याच काचेतून होते, तेव्हा त्या काचेचा सरसकट द्वेष करण्याचे कारण नाही.

मूल मित्रांना टाळू लागले, जेवणखाण बिघडले, पैशांची लपवालपवी सुरू झाली, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर ‘वय आहे’ म्हणून सोडून देऊ नये. शासनाची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. मूल बोलावयास तयार नसल्यास आईबापांनी स्वतःच तो क्रमांक फिरविला तरी चालतो.